पुसायचं काय, हे कुणी ठरवायचं?

दिल्लीत लोधी रोडच्या सीजीओ संकुलात कार्यालय असलेल्या ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली काही निर्देश काढले. त्यांतला एक असा : कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी कार्यालयं यांनी आपल्या सर्व संगणक यंत्रणांचे लॉग, म्हणजे कामकाजाच्या नोंदी, चालू ठेवावेत आणि मागच्या १८० दिवसांचे सुरक्षित जपावेत. तिथून फार दूर नसलेल्या नोएडा आणि गुरुग्राममधून कितीतरी वेब-प्रणाल्यांची रात्रपाळी सांभाळली जाते, आणि रात्रपाळीचा एक अलिखित नियम असतो. डिस्क भरली तर सगळ्यात मोठी लॉग फाइल उडवा, मेमरी संपली तर रीस्टार्ट करा, साइट उठली की तिकीट बंद करा. लेखी आणि अलिखित नियमांतला हा झगडा नुसत्या शिस्तीचा नाही, दोन्हींच्या मागे विचार आहे. तो नीट ऐकू यावा म्हणून इथं दोन काल्पनिक माणसं समोरासमोर बसवली आहेत. एक प्रशासक, ज्यांचा जीव साइट चालू राहण्यात आहे. आणि एक तपासनीस, ज्या कारण सापडल्याशिवाय प्रकरण मिटलं असं मानत नाहीत. दोघांमध्ये पडून माझं मतही मी मांडत जाईन.

प्रशासक : मॅडम, तुमचे १८० दिवस बाजूला ठेवा आणि आधी पहिल्या दोन मिनिटांचं बोलू. साइट बसते तेव्हा पलीकडे माणसं खोळंबलेली असतात. २३ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी दिल्लीच्या एम्समधले सर्व्हर खंडणीखोर हल्ल्यानं बंद पडले, तेव्हा जवळपास दोन आठवडे नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंत बरंचसं काम हातानं करावं लागलं. मेमरी संपणं हा हल्ला नव्हे, हे मलाही कळतं. पण खिडकीपुढे उभ्या असलेल्या नातेवाइकाला त्या फरकाचं काय? मी रीस्टार्ट केलं की साइट दोन-तीन मिनिटांत उठते. तुम्हाला मात्र आधी हीप डंप हवा, म्हणजे त्या क्षणी हीपमध्ये, प्रोग्रामच्या मेमरीत, जे जे आहे त्याची अख्खी नक्कल. सोळा जीबीचा हीप गच्च भरलेला असेल तर नक्कलही जवळपास तेवढीच, आणि ती डिस्कवर उतरेपर्यंत प्रणाली जागची हलत नाही. डिस्कच भरलेली असेल तर ती उतरणारसुद्धा नाही. लोकांना ताटकळत ठेवून मी कारण शोधत बसू का?

तपासनीस : एम्सचंच उदाहरण पुढे नेते. डिसेंबरमध्ये सरकारनं संसदेत सांगितलं की पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कूटबद्ध झाला, आणि नेटवर्कचे भाग एकमेकांपासून नीट वेगळे न ठेवल्यामुळे हे घडलं. डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून. नुसत्या यंत्रणा उठवून थांबलं असतं, तर ढिला राहिलेला तो भाग तसाच राहिला असता. तुमच्या प्रणालीतही तेच होतं, फक्त घुसखोर बाहेरचा नसतो. कुणीतरी एक यादी बनवलेली असते, तिच्यात रोज भर पडते आणि कमी काही होत नाही. किंवा प्रत्येक वापरकर्त्याच्या सेशनमध्ये अहवालाची अख्खी फाइल ठेवलेली असते. किंवा डेटाबेसची जोडणी घेतली जाते आणि चुकीच्या वाटेनं बाहेर पडताना परत केली जात नाही. रीस्टार्टनं घागर पुन्हा भरून मिळते, भोक बुजत नाही. आणि भोक कुठं आहे हे सांगणारी एकमेव वस्तू, तो भरलेला हीप, तुम्ही स्वतःच्या हातानं पुसता.

दोघांचं म्हणणं खरं आहे, पण एक पायरी दोघांनीही गाळली आहे. ‘मेमरी संपली’ या तक्रारीखाली निदान चार वेगळे प्रकार येतात. पहिला, जावाचा हीप खरोखर भरतो, आणि प्रणाली आपल्याच लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ अशी नोंद करते. दुसरा, हीप ठीक असतो पण अख्ख्या यंत्राची किंवा प्रोग्राम ज्या बंदिस्त कप्प्यात चालतो त्या कंटेनरला दिलेली मेमरी संपते आणि लिनक्सचा कर्नल सगळ्यात जड प्रोसेस मारून टाकतो. इथं प्रणालीला शेवटचा शब्द लिहायलाही वेळ मिळत नाही. तिचा लॉग मधेच तुटतो, आणि पुरावा सापडतो तो कर्नलच्या लॉगमध्ये. तिसरा प्रकार खोट्या गजराचा. लिनक्स मोकळी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की लगेच परत देतो. त्यामुळे ‘फ्री’चा आकडा तळाला गेला तरी ‘अव्हेलेबल’चा आकडा भरपूर असू शकतो. चौथा प्रकार गर्दीचा. रेल्वेच्या तत्काळ आरक्षणाला वातानुकूलित डब्यांसाठी दहा वाजता आणि इतरांसाठी अकरा वाजता जशी झुंबड उडते, तशी गर्दी कुठल्याही प्रणालीवर आली की मेमरी चढणारच. गर्दी ओसरल्यावर ती उतरली तर यंत्र लहान आहे. उतरली नाही तर प्रोग्राम गळका आहे. या चारही प्रकारांवर रीस्टार्टचा परिणाम सारखाच दिसतो आणि इलाज मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो. म्हणून रीस्टार्टनं साइट उठली, यावरून निदान काहीच होत नाही.

प्रशासक : निदान न होताही माणसं वर्षानुवर्षं जगतात. रोज पहाटे चार वाजता आपोआप रीस्टार्ट लावून ठेवलेल्या किती प्रणाल्या दिल्लीच्या परिसरात असतील याचा विचार करा. गळती आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती शोधायला एका अनुभवी प्रोग्रामरचे दोन आठवडे जाणार असतील आणि रीस्टार्टला काही खर्च येत नसेल, तर व्यवहार काय सांगतो? शिवाय प्रोग्राम कुणा जुन्या कंत्राटदारानं लिहिलेला, त्याचा सोर्स हाताशी नाही, लायब्ररी तिसऱ्याचीच. तुम्ही दाखवलेलं भोक मला बुजवता येणार नसेल तर ते पाहून मी करू काय?

तपासनीस : भोकाचा वेग तर कळेल. पहाटे चारचं रीस्टार्ट हा उपाय आजच्या गर्दीच्या हिशेबानं ठरलेला असतो. परीक्षांचे निकाल लागले, विवरणपत्रांची शेवटची तारीख आली, की चोवीस तासांत भरणारा हीप दहा तासांत भरतो आणि तुमची साइट भर दुपारी बसते. हे आधी कळायला सोळा जीबीचा डंप लागत नाही. कचरा-सफाईचा, म्हणजे गार्बेज कलेक्शनचा लॉग चालू ठेवा. त्याला दिवसाला काही एमबी पुरतात आणि प्रणाली थांबत नाही. मेमरीचा आलेख करवतीच्या दातांसारखा वरखाली होणारच. पाहायचं ते एवढंच की प्रत्येक पूर्ण सफाईनंतर जो तळ गाठला जातो, तो तळ दिवसागणिक वर सरकतो आहे का. सरकत असेल तर गळती आहे, आणि किती वेगानं सरकतो यावरून साइट कधी बसणार तेही सांगता येतं. जावाच्या प्रणाल्या चालवणारा टॉमकॅट हा सर्व्हर तर प्रणाली उतरवताना स्वतःच लॉगमध्ये इशारा देतो, की अमुक थ्रेड सुरू झाला होता आणि थांबवला गेला नाही, यातून मेमरीची गळती संभवते. तो इशारा वाचायचा कुणी? लॉग तर उडवलेला.

इथं मी प्रशासकांशी अर्धा सहमत आहे. गळतीचा वेग मोजलेला असेल, आणि दुरुस्ती परवडत नाही हे जाणूनबुजून ठरलेलं असेल, तर रोजचं रीस्टार्ट ही लाजेची गोष्ट नाही; तो एक व्यवहारी करार आहे. पण मोजमापाशिवाय लावलेलं रीस्टार्ट म्हणजे करार नव्हे, कारण त्यात आपण कशाला मान्यता दिली हेच कुणाला माहीत नसतं. दोन्ही सर्व्हर पहाटे चारला सारखेच उठतात. एकाच्या बाबतीत पुढच्या अडचणीची तारीख ठाऊक असते, दुसऱ्याच्या बाबतीत ती अचानक येते.

प्रशासक : बरं, मेमरीचं राहू द्या, लॉगचं बोलू. टॉमकॅटची ‘कॅटालिना.आउट’ ही फाइल तो स्वतः कधी बदलत नाही. ती वाढतच जाते. एखादा विकासक डिबग पातळी चालू ठेवून घरी जातो, किंवा एकच चूक सेकंदाला शंभर वेळा आपली पन्नास ओळींची कहाणी लिहीत सुटते, आणि सकाळपर्यंत चाळीस जीबी झालेले असतात. त्यात वाचण्यासारखं काय असतं? तीच ती ओळ लाख वेळा. ती फाइल मी उडवली तर कुणाचं काय गेलं?

तपासनीस : पहिलं म्हणजे, उडवून जागा मिळत नाही. चालू प्रोसेसनं उघडून धरलेली फाइल काढली की यादीतून तिचं नाव जातं, डिस्कवरची जागा मात्र प्रोसेस तिला सोडेपर्यंत अडकलेलीच राहते. मग जागा मोजणारी ‘डीएफ’ आज्ञा म्हणते डिस्क भरलेली आहे, फाइली मोजणारी ‘डीयू’ म्हणते इथं काही नाही, आणि गोंधळून तुम्ही रीस्टार्ट करता. म्हणजे एका चुकीच्या आज्ञेपायी लॉगही गेला आणि मेमरीतला पुरावाही गेला. फाइल जागेवर ठेवून रिकामी करता येते, आणि त्याआधी तिची दाबलेली नक्कल दुसऱ्या यंत्रावर पाठवता येते. दुसरं, लाख वेळा तीच ओळ असं तुम्ही म्हणता तेव्हा सगळ्यात महत्त्वाची ओळ त्या लाखांतली पहिली असते. जावाच्या हॉटस्पॉट यंत्रणेची एक सवय लक्षात घ्या. ‘नल पॉइंटर’सारखी तीच चूक त्याच जागी वारंवार होऊ लागली की वेग वाचवण्यासाठी ती पुढे त्या चुकीचं नुसतं नाव फेकते, कुठल्या ओळीत, कुणी कुणाला बोलावल्यावर हे घडलं, तो माग गाळून टाकते. शेवटच्या हजार ओळी पाहाल तर नाव दिसेल, जागा दिसणार नाही. जागा असते फाइलच्या सुरुवातीला, तुम्ही आधी छाटता त्याच टोकाला.

प्रशासक : मग तुमच्याच म्हणण्याप्रमाणे रीस्टार्ट बरं! नवी प्रोसेस सुरू झाली की ती चूक पुन्हा पहिल्यापासून अख्ख्या मागासकट लिहिली जाईल.

तपासनीस : चूक पुन्हा घडली तर. ती एखाद्या विशिष्ट वापरकर्त्याच्या विशिष्ट विनंतीवर घडत असेल, आणि तो माणूस कंटाळून निघून गेला असेल, तर पुन्हा घडेपर्यंत तुम्ही वाट पाहणार. रोज येणारी चूक रीस्टार्टनं पकडता येते हे मान्य करते. महिन्यातून एकदा येणारी पकडता येत नाही, आणि साइट बसवणारी चूक पुष्कळदा तीच असते.

आता माझा मुख्य मुद्दा मांडायची जागा आली. वर जे जे पुरावे आले ते एकत्र पाहिले तर एक गोष्ट उघड होते : सर्व्हर सतत पुसतच असतो. सफाई-यंत्रणा हीपमधल्या वस्तू पुसते. लॉग फिरवणारी व्यवस्था जुन्या फाइली पुसते. हॉटस्पॉट चुकांचा माग पुसतं. लॉगबॅकसारख्या लायब्ररीत लॉग लिहिण्यासाठी रांग लावली तर मुळात २५६ नोंदींची ती रांग ऐंशी टक्के भरताच साध्या माहितीच्या नोंदी टाकून दिल्या जातात आणि फक्त इशारे व चुका ठेवल्या जातात. म्हणजे गर्दीच्या नेमक्या त्या मिनिटाला लॉग विरळ होतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की तेव्हा काही घडलंच नाही. तेव्हा ‘पुसावं की जपावं’ हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. पुसलं जाणारच. ते माणसांनी शांतपणे, आधी ठरवून पुसायचं, की भरलेल्या डिस्कनं मध्यरात्री आपल्याकडून पुसून घ्यायचं, एवढाच निर्णय आपल्या हातात उरतो. प्रशासक जे करतात तो निर्णय नव्हे. निर्णयाची वेळ टळून गेल्यावरची ती धावपळ आहे. आणि तपासनीस जर सगळंच जपा म्हणत असतील तर त्याही निर्णय टाळतात, कारण सगळं जपायला गेलं की तीच डिस्क भरते.

प्रशासक : आता कसं बोललात! हिशेब करा ना. सेकंदाला पाचशे विनंत्या, प्रत्येकीची २०० बाइटची एक ओळ, म्हणजे दिवसाला साधारण साडेआठ जीबी. १८० दिवसांचे झाले दीड टेराबाइट. तेही नुसत्या एका लॉगचे. छोट्या कंपनीनं हा खर्च कुठून आणायचा? सर्ट-इनलाही हे पटलं असावं, म्हणून तर लघु आणि मध्यम उद्योगांना २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून मिळाली.

तपासनीस : मुदत वाढली, नियम उतरला नाही. आणि हिशेब तुमचाच पुढे नेऊ. लॉगचा मजकूर पुनरुक्तीनं भरलेला असल्यामुळे दाबल्यावर तो बहुधा दहाव्या हिश्शावर येतो, म्हणजे दीड टेराबाइटचे राहिले दीडशे जीबी. आठवडाभराचे लॉग वेगवान डिस्कवर, बाकीचे स्वस्त साठवणीत ठेवले तर हा खर्च चहापाण्याच्या बिलाहून फार मोठा नाही. महाग पडते ती डिबग पातळी, आणि ती चालू राहते कारण ती बंद करण्याची जबाबदारी कुणाच्याच नावावर नसते. त्याच निर्देशांत आणखी एक गोष्ट आहे जिला पैसा जवळपास लागत नाही : सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवलेली हवीत. भारताची प्रमाणवेळ राखणारी ही प्रयोगशाळा दिल्लीतच आहे. वेब सर्व्हर चाळीस सेकंद पुढे आणि डेटाबेस दहा सेकंद मागे असेल, तर आधी कोण बसलं आणि कुणामुळे कोण बसलं, हे दीड टेराबाइट वाचूनही कळणार नाही.

खर्चाचा आक्षेप असा निभावला जातो. त्याहून जड आक्षेप प्रशासकांनी अजून काढलेला नाही, म्हणून तो मीच काढतो : जपलेली नोंद स्वतःच धोका असते. मे २०१८ मध्ये ट्विटरनं आपल्या तेहेतीस कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण पासवर्ड झाकले जाण्याआधीच उघड्या रूपात एका अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. हीप डंप तर त्याहून वाईट. त्यात त्या क्षणाचं सगळं असतं : डेटाबेसचा पासवर्ड, क्लाउडच्या किल्ल्या, रुग्णाचं नाव, आधार क्रमांक. डिसेंबर २०२४ मध्ये हाम्बुर्गच्या एका परिषदेत संशोधकांनी दाखवून दिलं की फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख विजेच्या गाड्यांची माहिती उघड्यावर आली होती, आणि तिच्यापर्यंत जाणारी वाट एका उघड्या राहिलेल्या मेमरी डंपमधून जात होती. तपासणीसाठी बनवलेली नक्कलच चोराच्या कामी आली. भारतातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हयगय केल्याबद्दल अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे एक कायदा जपायला लावतो, आणि दुसरा जपलेल्याची जोखीम आपल्या गळ्यात घालतो.

तपासनीस : या आक्षेपापुढे मी मागे हटते, पण पूर्ण नाही. डंप उचलला की तो बंदिस्त जागी हलवायचा, निदान झालं की नष्ट करायचा, आणि नष्ट केल्याची नोंद ठेवायची. लॉगमध्ये पासवर्ड किंवा आधार क्रमांक मुळात लिहिलाच जाऊ नये, ही तर प्रोग्राम लिहिणाऱ्याची जबाबदारी. रात्रपाळीवर ती ढकलता येत नाही. मी जपा म्हणते ते कुणी, कुठून, कधी, काय मागितलं आणि उत्तर काय मिळालं, एवढं. त्यातला आयपी पत्तासुद्धा कुणाचा तरी माग असतो, म्हणून तोही कुलपातच हवा. पण माणसाची खासगी माहिती लॉगमध्ये ओतणं आणि घटनेची नोंद ठेवणं यांत फरक आहे.

प्रशासक : आणि मी रीस्टार्टपासून पूर्ण हटत नाही. पण एवढं करीन. डंपसाठी लॉगपासून वेगळी डिस्क, हीपहून मोठी, आधीच लावून ठेवीन, म्हणजे एकानं भरून दुसऱ्याची वाट अडणार नाही. दोन सर्व्हर असतील तर बसलेला एक रांगेतून बाजूला काढीन, दुसरा लोकांना सांभाळील, आणि तुम्हाला हवा तेवढा वेळ मिळेल. एकच सर्व्हर असेल तर मात्र थ्रेडांची यादी आणि सफाईचा लॉग घेऊन मी उठवणार. डंपसाठी थांबणार नाही. ही वाट लिहून द्या, म्हणजे रात्री दोन वाजता मला वाद घालावा लागणार नाही.

या ठिकाणी दोघं जवळ आले आहेत ते एकमेकांना शरण जाऊन नव्हे. प्रशासकांनी सेवा आधी हे तत्त्व सोडलेलं नाही आणि तपासनीसांनी पुराव्याचा आग्रह सोडलेला नाही. बदललं ते इतकंच की निवड बिघाडाच्या आधी झाली. एक सर्व्हर असलेल्या छोट्या कार्यालयात डंप घ्यायचा नाही, हाही योग्य निर्णय ठरू शकतो. तो कुणाच्या तरी सहीनं, कारण नमूद करून झालेला हवा. इस्पितळाच्या प्रणालीत दुसरा सर्व्हर हवा म्हणून पैसे मागायचे, तर डंप घेता न आल्यामुळे मागच्या तीन बिघाडांचं कारण सापडलं नाही, हा लेखी हिशेब व्यवस्थापनापुढे ठेवता येतो. सर्ट-इनच्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. साइट का बसली हे माहीत नसेल तर ती घटना होती की नुसती गळती, हेच सांगता येत नाही, आणि सहा तास तर्कात जातात.

कुणी म्हणेल, आता कंटेनरांचा जमाना आहे. बसलेला कंटेनर आपोआप मारला जातो, नवा उठतो, माणसाला विचारतंय कोण? उलट त्यामुळेच हा प्रश्न तातडीचा झाला आहे. पूर्वी रात्रपाळीवरचा माणूस चुकीची फाइल तरी जाणूनबुजून उडवत असे. आता लॉग बाहेर पाठवायची सोय केलेली नसेल तर कंटेनरबरोबर त्याच्या पोटातल्या नोंदीही जातात, दिवसातून दहा वेळा, कुणाच्या लक्षातही न येता. पुसण्याचा निर्णय इथं कॉन्फिगरेशनच्या एका ओळीनं घेतलेला असतो, आणि ती ओळ बहुधा कुठल्या तरी नमुना फाइलीतून उचललेली असते. म्हणून प्रत्येक बिघाडाच्या आढाव्यात कारणाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा : या वेळी कोणत्या नोंदी नष्ट झाल्या, आणि त्या नष्ट व्हाव्यात हे कुणी ठरवलं होतं. त्या रकान्यात माणसाचं नाव आणि तारीख लिहिता आली तर निर्णय चुकीचा असला तरी सुधारता येईल. रकाना कोरा राहिला, तर पुढचा बिघाड टाळण्यासाठी हाताशी धरायला काहीच उरलेलं नाही, मग साइट कितीही लवकर उठलेली असो.